नंबरकाकांच्या पायांवरचे ठिपके

आमच्या दुकानात गिऱ्हाईक दारातून आत आलं, की दुसऱ्या पावलाला नंबरकाका त्याच्या बुटाचा नंबर सांगून मोकळे व्हायचे.

"आठ. डावा पाय जरा आठच्या पुढे."

"छे हो! मी कॉलेजपासून सात घालतोय."

"म्हणूनच असे चालताय," काका म्हणायचे आणि मापाची पट्टी पुढे सरकवायचे. पाय पट्टीवर टेकला की आठ. डावा जरा पुढे.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असणार, पण मालकांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांचे ते नंबरकाकाच. मी वरच्या माळ्यावर लहान मुलांचे बूट विकते. कठड्यावरून वाकलं की खालचा पुरुषांचा विभाग दिसतो, आणि त्यात पुढे उतरती पाटी असलेल्या बुटक्या स्टुलावर बसलेले काका. त्यामुळे गेल्या नऊ वर्षांत मी त्यांचा चेहरा कमी आणि टक्कल जास्त पाहिलंय. त्यांचंही तसंच आहे म्हणा. त्यांना माणसांचे चेहरे आठवत नाहीत, पाय आठवतात. एकदा बँकेच्या रांगेत एका बाईंना ते म्हणाले, "तुमच्या पायाच्या करंगळीचा घट्टा बरा झाला का?" बाईंनी आधी पर्स घट्ट धरली, मग ओळख पटली, मग दोघं अर्धा तास बोलत उभे राहिले.

दुसऱ्यांच्या पायांची एवढी चौकशी करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या पायांकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सकाळी मोजे चढले, की रात्री उतरायचे. मध्ये पाय आहेत एवढंच पुरे.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत फ्लूने आमचं अर्धं दुकान आडवं केलं होतं. काका स्वतः दहा दिवस अंथरुणात होते. मालकांनी त्याचा धसका घेतला आणि पुढच्या वर्षी थंडी पडायच्या आत एका नर्सबाईंना दुकानातच बोलावलं. मागच्या गोदामात, छतापर्यंत रचलेल्या खोक्यांच्या मध्ये एक खुर्ची मांडली आणि ज्याची इच्छा असेल त्याने लस घ्यावी असं सांगितलं. काका पहिले. बाही वर केली, सुई गेली, आली. काकांनी तोवर बाईंच्या पायांकडे बघून घेतलं होतं.

"साडेपाच," ते म्हणाले. "आणि तुम्ही सहा घातलाय. टाच निसटते ना?"

बाई म्हणाल्या, "हलू नका, कापूस धरा." जाताना मात्र साडेपाचाचा जोड घेऊन गेल्या.

पाचव्या दिवशी काकांचा घसा धरला. ताप नाही, नुसतं गिळताना दुखायचं. काकूंचे मोठे भाऊ, म्हणजे काकांचे मेहुणे, दोन गल्ल्या सोडून राहतात. आयुष्यभर बसकंपनीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण समोरचा माणूस विनातिकीटच असणार ही त्यांची नजर काही गेलेली नाही. ते बहिणीकडे आले, भाऊजींचा घसा बॅटरी मारून तपासला आणि खिशातून गोळ्यांचं अर्धं पाकीट काढलं. त्यांची दाढ दुखत होती तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या. "रामबाण आहेत. सकाळ-संध्याकाळ घ्या." काकांनी दोन दिवस घेतल्या. घसा बरा झाला. मेहुण्यांनी श्रेय घेतलं आणि गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं.

लस घेतल्याला बारा दिवस झाले तेव्हा काकांनी घरी येऊन मोजे काढले. पुढचं सगळं मला काकूंनी सांगितलं, आणि काकू सांगतात तेव्हा सगळ्यांचे आवाज काढून सांगतात.

"अहो, हे काय चावलंय तुम्हाला?"

"कुठे काय?"

"घोट्याच्या वर बघा की! लाल-लाल ठिपके."

"मोज्याचं इलॅस्टिक असेल."

"इलॅस्टिकला दात असतात?"

काकांनी पायाला खोबरेल चोळलं आणि झोपले. सकाळी ठिपके पोटऱ्यांपर्यंत चढले होते. काही लाल, काही जांभळे, हात फिरवला तर खरखरीत लागणारे. घोटे सुजले होते. कुणीही शहाणा माणूस डॉक्टरकडे गेला असता. काका दुकानात आले. सुट्टीनंतर शाळा पुन्हा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात गर्दी असते, आणि गर्दीत आपण नाही असं त्यांना सहन होत नाही. अकराच्या सुमारास मी वरून पाहिलं, तर गिऱ्हाईक उठून निघून गेलं होतं आणि काका स्टुलावर तसेच. दोन्ही हात गुडघ्यांवर, टक्कल घामाने चमकतंय.

मी खाली गेले. "काका, काय झालं?"

"काही नाही गं. उठता येत नाहीये, बाकी छान आहे."

मालकांनी टॅक्सी बोलावली आणि मला त्यांच्याबरोबर पाठवलं. दवाखान्यात आधी एका डॉक्टरांनी पाय पाहिले, लगेच दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथे त्वचारोगाच्या डॉक्टर होत्या, फार तर माझ्या वयाच्या. काकांना दुखत होतं तरी ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही कातडीच्या डॉक्टर. मी पण चामड्यातलाच. चाळीस वर्षं झाली."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी टेबलावरची काचेची एक छोटी पट्टी घेतली आणि एका ठिपक्यावर दाबून धरली. मीही वाकून पाहिलं. काचेखाली ठिपका होता तसाच. जरासुद्धा फिका झाला नाही.

"नुसती लाली असती तर दाबल्यावर पांढरी पडली असती," डॉक्टर म्हणाल्या. "हे रक्त नळीच्या बाहेर आलंय. कातडीतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलीये आणि त्या झिरपतायत. याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात."

"म्हणजे शिवण उसवली," काका म्हणाले.

"उसवली नाही. सुजलीये, आणि टाक्यांमधून गळतंय."

"पण शिवणीला सूज आणली कोणी?"

"तुमच्याच शरीराने. रोगजंतूंशी लढायला जी पथकं असतात ना, ती कधीकधी गडबडतात आणि आपल्याच रक्तवाहिन्यांवर तुटून पडतात. ती का गडबडली ते शोधायचंय. गेल्या महिन्याभरात काही नवं घडलं? आजार, औषध, इंजेक्शन?"

काकांनी लशीचं सांगितलं, घशाचं सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. मेहुण्यांनी दिलेली वस्तू औषधात मोजायची असते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी पोटरीवरच्या एका ताज्या ठिपक्यातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीसाठी काढला, रक्त घेतलं, लघवी घेतली.

"लघवी कशाला? दुखतायत पाय."

"पायांवरचं आपल्याला दिसतं, काका. आत किडनीत असंच काही चाललं असेल तर ते दिसत नाही. ते लघवी सांगते."

आम्ही टॅक्सीने परत निघालो. सिग्नलला एक माणूस समोरून लंगडत गेला, त्याच्याकडे काकांनी पाहिलं नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

चार दिवसांनी अहवाल घ्यायला काका-काकू गेले तेव्हा मेहुणे बरोबर गेले. गेले म्हणजे काय, पुढे चालत गेले. त्यांनी निकाल आधीच लावलेला होता.

"हे लशीमुळे झालंय," त्यांनी खुर्ची ओढायच्या आधीच जाहीर केलं. "तसं लिहून द्या."

डॉक्टर म्हणाल्या, "तुकड्याच्या तपासणीत रक्तवाहिन्यांची सूज दिसली, म्हणजे निदान बरोबर आहे. कशामुळे झालं ते त्यात दिसत नाही."

"कसं दिसत नाही? लस घेतली, बारा दिवसांनी ठिपके आले. सरळ आहे. मध्ये दुसरं काही झालंच नाही!"

"घसा दुखत होता ना?"

"तो तर मी दोन दिवसांत बरा केला!" मेहुणे अभिमानाने म्हणाले. "माझ्या दाढेच्या गोळ्या होत्या, चांगल्यातल्या. चार दिल्या."

काकू सांगतात, की डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग गोळीचं नाव विचारलं. मग ती कुठल्या तारखेला घेतली ते विचारलं. मेहुण्यांचा आवाज प्रत्येक उत्तराला एकेक पट्टी खाली येत गेला, आणि शेवटी ते म्हणाले, "का? गोळीने पण होतं?"

"होतं. अशा औषधांनी होतं, घशाच्या संसर्गानेही होतं. या दोन्हींची उदाहरणं जास्त आहेत. लशीनंतर असं झाल्याच्याही काही नोंदी आहेत, ते मी नाकारत नाही. पण लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांची मोठ्या संख्येने तुलना केली, तेव्हा घेतलेल्यांना हा आजार जास्त होतो असं काही दिसलेलं नाही. आणि कितीतरी जणांच्या बाबतीत कारण शेवटपर्यंत सापडतच नाही."

"मग भाऊजींच्या बाबतीत कोण?"

"तिघेही दारापाशी उभे होते. आत कोण शिरलं, ते मी पाहिलं नाही."

तरी डॉक्टरांनी एक फॉर्म काढला. लस घेतल्यावर कुणाला काही त्रास झाला तर तो कळवायचा असतो, तो फॉर्म. त्यात त्यांनी लशीची तारीख घातली, घसा घातला, आणि मेहुण्यांच्या देखत दाढेच्या चार गोळ्याही घातल्या. मेहुण्यांना तेवढ्यात पुन्हा जोर आला. "म्हणजे तुम्ही कबूल करताय!"

"नोंद म्हणजे कबुली नाही हो. एका माणसावरून काही कळत नाही, हजारोंवरून कळतं. पण ते हजारो असे एकेक करूनच जमतात."

काकांना पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, सूज उतरवणाऱ्या. शिवाय पाय उशीवर ठेवून पडून राहायचं आणि दर आठवड्याला लघवी तपासायची. माणसाला चाळीस वर्षं सुट्टीची सवय नसली की सुट्टी अंगावर येते. काकांचं घर तळमजल्याच्याही अर्धा मजला खाली आहे. बाहेरच्या खोलीची खिडकी छताला लागून, आणि तिची चौकट बरोबर फुटपाथच्या उंचीवर. पलंगावर पडलं की त्या खिडकीतून माणसं दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा काका दोन उशांवर पाय टाकून खिडकीकडे टक लावून पडले होते.

"सात. सहा. साडेनऊ, आणि आतल्या बाजूने झिजवतोय. थांब थांब, ही बघ, हिने आपल्याकडूनच घेतलेत. मी म्हटलं होतं पट्टा घट्ट लावू नको."

काकू आतून म्हणाल्या, "दिवसभर हेच चाललंय. काल टपालवाल्याला खिडकीतून ओरडून सांगितलं, नाडी सुटलीये म्हणून. तो बिचारा वर बघतोय, आकाशवाणी झाली म्हणून."

दुसऱ्या आठवड्याच्या तपासणीत लघवीत थोडं रक्त निघालं. काकूंनी मला फोन केला. त्या वेळी त्यांनी कुणाचेही आवाज काढले नाहीत. मी संध्याकाळी दुकानातून तशीच गेले. काका पडून होते, खिडकीला पडदा. मेहुणे कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, आणि मी आत गेले तरी त्यांनी मान वर केली नाही. मग मेहुणे म्हणाले, "त्या गोळ्या मी फेकून द्यायला हव्या होत्या."

काका म्हणाले, "अहो, घसा खरंच बरा झाला होता."

एवढंच. पण मेहुण्यांनी उठून भाऊजींच्या पायाखालची घसरलेली उशी सारखी केली, आणि मग दार उघडून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

डॉक्टरांनी धीर दिला, की प्रमाण अगदी थोडं आहे, रक्तदाब ठीक आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहू. पुढच्या आठवड्यात लघवी स्वच्छ निघाली. त्याच्या पुढच्याही. ठिपके जांभळ्याचे तपकिरी झाले, तपकिरीचे फिके, आणि पाचव्या आठवड्यात काका दुकानात हजर. त्यांच्या स्टुलावर मालकांनी नवी गादी बसवून घेतली होती. काकांनी ती एक दिवस वापरली आणि दुसऱ्या दिवशी मला आणून दिली. म्हणाले, उंची बदलली की नजर चुकते.

यापुढचा भाग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

दोनेक महिन्यांनी एक बाई वडिलांना घेऊन बूट घ्यायला आल्या. वडील ऐंशीच्या घरातले, ताठ, जरा बहिरे. काका माप घेत होते. बाई खोकल्या, म्हणून काका म्हणाले, "सध्या साथ आहे. आजोबांना जपा."

"लस द्यायची होती हो त्यांना," बाई म्हणाल्या. "पण हे पाहिलं आणि माझं धाडसच होईना." त्यांनी मोबाइल काढून काकांच्या पुढे धरला. "बघा ना! लस घेतली आणि या गृहस्थांचे दोन्ही पाय कापावे लागले."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. वरून मला दिसत होतं, की ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बघतायत.

"साडेआठ नंबर," ते हळूच म्हणाले. "डाव्या घोट्याचं हाड बाहेर आलेलं. उजव्या अंगठ्याचं नख वाकडं." मग त्यांनी मान वर केली. "बाई, हे माझे पाय आहेत."

"काय?"

काका स्टुलावरून उठले. शांतपणे एक मोजा खाली सरकवला, मग दुसरा, आणि पँट गुडघ्यापर्यंत वर करून भर दुकानात उभे राहिले. वाकडं नख बुटात होतं, पण घोट्याचं हाड सगळ्यांना दिसलं. पोटऱ्यांवर अजून पुसट तपकिरी डाग होते, जुन्या चहाच्या डागांसारखे. पाय मात्र दोन्ही होते. मी कठड्यावरून जवळजवळ खाली पडले. गल्ल्यावरचे मालक उभे राहिले. आजोबा मुलीला मोठ्यांदा विचारू लागले, "हा माणूस कपडे का काढतोय?"

"कापले नाहीत," काका म्हणाले. "कापायची गोष्टही कुणी काढली नव्हती. सूज आली होती, उतरली."

बाईंचा चेहरा उतरला. "पण झालं तर लशीमुळेच ना?"

"ते मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही. लस घेतली होती, घसा आला होता, आणि एका नातेवाइकाच्या चार गोळ्या खाल्ल्या होत्या. तिघांपैकी कोण, की चौथंच काही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझ्याच पायांबद्दल मला जे माहीत नाही, ते या फोटोला कुठून माहीत असणार?"

"मग मी यांना लस देऊ की नको?"

"मी बूट विकतो हो! यांच्या डॉक्टरांना विचारा. माझी सगळी हकीगत त्यांना सांगा, काही लपवू नका. पण ही सांगा, पाय कापल्याची नको."

आजोबांना एवढ्यात कधीतरी विषय कळला असावा. त्यांनी काकांच्या पोटरीला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "माझे याहून वाईट आहेत." आणि खरंच, त्यांनीही पँट वर केली. त्यांना शिरांच्या गाठी होत्या. काकांनी त्यांना मऊ कातड्याचा, पुढून रुंद असा जोड काढून दिला, आणि बाप-लेक गेले तेव्हा बाईंनी आमच्या समोर तो फोटो मोबाइलवरून पुसून टाकला. आठवड्याभराने त्यांचा दुकानात फोन आला. डॉक्टरांशी बोलून आजोबांना लस दिली होती, आणि बूट छान होते.

आता तो फोटो काढला कोणी, हे सांगायला नकोच. डॉक्टरांना दाखवायला म्हणून मेहुण्यांनी काढला होता आणि पहिल्याच दिवशी चार मित्रांना पाठवला होता. वर लिहिलं होतं, "लशीचे परिणाम बघा." चारांचे किती झाले, वाटेत पाय कोणी कापले, देवाला ठाऊक. त्या संध्याकाळी काका त्यांच्याकडे गेले. रागावून गेले असतील असं मला वाटलं होतं. पण काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, काकांनी फक्त एवढंच विचारलं, "पाय कापल्याचं तुम्ही लिहिलंत?"

"आईशप्पथ नाही, भाऊजी!"

"मग चला, दुरुस्ती करू."

मेहुण्यांनी काकांना जिन्यात उभं केलं, पँट वर करायला लावली आणि नवा फोटो काढला. खाली स्वतः लिहिलं, की हे माझे भाऊजी, दोन्ही पायांवर उभे आहेत, आजाराचं कारण नक्की ठरलेलं नाही, आणि माझ्याही गोळ्या संशयितांत आहेत. हे शेवटचं वाक्य लिहायला त्यांना पाऊण तास लागला. हा फोटो त्यांनी ओळखीतल्या प्रत्येकाला पाठवला. तो कुठेही गेला नाही. उत्तर एकाचंच आलं: "जिना रंगवायला झालाय." पहिला फोटो मात्र अजून फिरतोय. मध्यंतरी तो परदेशातून, तिथल्या भाषेत, आमच्या मालकांकडे परत आला. काका म्हणाले, "मी कधी विमानात बसलो नाही. पाय मात्र जग हिंडून आले."

फॉर्मचं उत्तरही आलं. तपास करणाऱ्या कार्यालयाचं एका पानाचं पत्र. काकांनी ते जेवणाच्या सुट्टीत आम्हाला वाचून दाखवलं. लशीशी संबंध असणं शक्य आहे, परंतु निश्चित सांगता येत नाही. इतर कारणंही संभवतात. मालक म्हणाले, "एवढे महिने घेऊन हेच?"

"खोटं तरी बोलले नाहीत," काका म्हणाले, आणि पत्राची नीट घडी घालून खिशात ठेवलं.

मग पुन्हा थंडी तोंडावर आली आणि मालकांनी त्याच नर्सबाईंना बोलवायचं ठरवलं. आम्ही सगळे काकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. काका आधी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दाढेच्या गोळीवर कायमची फुली मारली आणि तसं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवायला दिलं. लशीबद्दल म्हणाल्या, "तुमच्या वयाला, दिवसभर लोकांत बसणाऱ्या माणसाला, फ्लू काही साधी गोष्ट नाही. आणि फ्लूचा संसर्गसुद्धा असा आजार उठवू शकतो. मला विचाराल तर घ्या, पण इथे माझ्यासमोर घ्या, आणि नंतर पायांवर नजर ठेवू. नको म्हणालात तरी मी रागावणार नाही."

दोन पावलांत नंबर सांगणाऱ्या या माणसाने तीन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी डब्याचं झाकण लावता लावता मला म्हणाले, "मागच्या वर्षी कशाने पडलो ते माहीत नाही. त्याच्या आदल्या वर्षी दहा दिवस कशाने पडलो होतो ते चांगलं माहीत आहे. घेतो."

घेतली. आणि मग काकूंच्या घरात पंधरा दिवस जे चाललं त्याला तोड नाही. रोज सकाळी काका कोचावर बसायचे, दोन्ही पाय स्टुलावर. एकीकडून काकू, दुसरीकडून मेहुणे, हातात बॅटरी. मेहुणे घोट्यापासून सुरुवात करून वर जायचे, एकही जागा न सोडता, जणू शेवटच्या बाकापर्यंत तिकिटं तपासतायत. "निल," म्हणजे काही सापडलं नाही, असं जाहीर करायचे, आणि मगच चहा मिळायचा.

नवव्या दिवशी निल म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. उजव्या पोटरीवर एक लाल ठिपका होता. एकच, पण ठसठशीत. चहा राहिला बाजूला. तिघं टॅक्सीने दवाखान्यात. मेहुणे वाटभर सारखे म्हणत होते, "मोठा आहे, मागच्यापेक्षा मोठा आहे." डॉक्टरांनी काचेची पट्टी घेतली, ठिपक्यावर दाबली. तिघांची डोकी पट्टीवर आदळली. काचेखाली ठिपका पांढरा पडला.

"खाजतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, सकाळपासून," काका म्हणाले.

"डास आहे."

काकू म्हणतात, की त्यांचा भाऊ त्या दिवशी दवाखान्यात इतका मोठ्यांदा हसला, की बाहेरच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, आत काहीतरी फुकट वाटतायत.

पंधरा दिवस गेले, महिना गेला, लघवीही स्वच्छ. शेवटच्या भेटीत काकांनी विचारलं, "म्हणजे लस सुटली का संशयातून?"

"यंदा काही झालं नाही, एवढंच कळलं. मागच्या वर्षीचं मागच्या वर्षीपाशीच राहिलं."

"चालेल," काका म्हणाले. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, की बाई खरी हुशार आहे, जे माहीत नाही ते लगेच सांगते.

काका अजून दुकानात येतात. घोट्यांवरचे डाग गेले, उन्हात बघितलं तर एखाद-दुसरा दिसतो. डॉक्टर आता बूट आमच्याकडेच घेतात.

आणि गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मेहुणे सकाळी आले होते. काकूंनी कपाटावरची पेटी उतरवून द्यायला सांगितली, तर हात वर करताना ते कळवळले. कुठे आपटलास म्हणून विचारलं तर सांगेनात. शेवटी काकूंनी बाही वर केली. दंडावर छोटी गोल पट्टी चिकटवलेली.

"कधी घेतलीस रे?"

"काल."

"सांगितलं का नाहीस?"

"तू रोज सकाळी पाय तपासशील म्हणून."

"बस कोचावर," काकू म्हणाल्या. काकांनी चहाचं आधण ठेवलं, आणि काकू बॅटरी शोधायला आत गेल्या.